सांधा कुणाचा

माझं माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक पऱ्या होता, बस्स. पऱ्या म्हणजे ओढाच, पण आमच्याकडे ओढा म्हणून विचाराल तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. रत्नागिरीहून सकाळी चालत निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला आमच्यात पोचायचा, आणि पऱ्याच्या काठावर उभा राहून विचारायचा की अमक्याचं घर अलीकडच्या वाडीत की पलीकडच्या. माझी दोन्ही. जन्मले पलीकडे, दिली अलीकडे. माझी पाठवणी म्हणजे काय, तर वऱ्हाड पऱ्यातल्या दगडांवरून उड्या मारत आलं आणि माझ्या लुगड्याचा काठ भिजला. आई मात्र अशी रडली की जशी काय मला आफ्रिकेलाच धाडत होती. मला तेव्हाही तिचा राग आला होता. परसात उभी राहून तिने हाक मारली असती तरी मला ऐकू आली असती.

नवरा बोटीवर खलाशी. सासूबाईंसमोर मी त्याला ‘हे’ म्हणायची, इथे ‘तो’ लिहिते आहे. आता कोण ऐकतंय! सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, दीर नाही, जाऊ नाही. तो बोटीवर गेला की घरात सासूबाई आणि मी, आणि सासूबाईंचा एक गुडघा कायमचा सुजलेला. मुंबईहून बोट सुटली की वर्ष-दीड वर्ष त्याचं तोंड दिसायचं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो घरी होता. सन अठ्ठावीस असेल, नाहीतर एकोणतीस. त्या श्रावणात त्याने घरामागच्या आगरात माडांच्या मधल्या जागेत पोफळीची रोपं लावली. सुपारीचं झाड ते पोफळ. रोपांना ऊन सोसत नाही म्हणून मधे मधे केळी लावल्या. चिखलाने भरलेले हात तसेच गुडघ्यांवर टेकून तो मला म्हणाला, ‘‘ह्या पोफळी धरल्या ना, सुपाऱ्या लागल्या, की मी बोट सोडली. मग तू हाकललंस तरी जायचा नाय.’’

मी सतराची होते. मला एवढंच कळलं की ही रोपं जगली तर माझा नवरा घरी राहील, आणि मेली तर समुद्र त्याला म्हातारा करूनच परत देईल. त्या दिवसापासून मी त्या रोपांकडे रोपं म्हणून कधी पाहिलंच नाही. गणपती झाले आणि तो रत्नागिरीच्या बंदरावरून आगबोटीने मुंबईला गेला. निघताना काय म्हणाला असेल? म्हणाला, बोटीवर मला रोपांची काळजी लागेल, तुझी नाही, तू काय, बोलून बोलून जगशील. असा मेला गोड माणूस.

आता भांडण सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. माझ्या लग्नानंतर लगेचच्या, म्हणजे त्या पावसाळ्याच्या आधीच्या शिमग्यात गावदेवीची पालखी आधी अलीकडच्या वाडीत फिरली. इथल्या पोरांनी ती हौसेने नाचवत ठेवली, आणि पलीकडे पोचायला एवढा उशीर केला की तिथल्या बायका नैवेद्य झाकून उपाशी बसल्या. माझी आई त्यांतलीच एक. दुसऱ्या दिवशी देवळात सगळे जमले. अलीकडचे वडीलधारे म्हणजे माझे चुलत सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांनी पान-सुपारीचं ताट पलीकडच्यांपुढे धरलं. पलीकडचे वडीलधारे कोण, तर माझे बाबा. बाबांनी पान उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ताटात ठेवलं. एवढंच झालं. एक शब्द कुणी बोललं नाही, आणि त्या दिवसापासून दोन वाड्यांचं बोलणं बंद. आमच्याकडे परत ठेवलेलं पान कुणी विसरत नाही.

बोलणं बंद झालं तरी पाणी कुणाला नको होतं? दर वर्षी दिवाळी झाली, पऱ्या उतरला, की दोन्ही वाड्या मिळून त्याला बांध घालायच्या. दगड, चिखल, चिखलात पेंढा आणि झाडाचा पाला. पावसाळ्यात तो वाहून जायचाच, पुढच्या वर्षी पुन्हा नवा. पाणी तुंबलं की दोन्ही काठांच्या पाटांतून ज्याच्या त्याच्या आगरात जायचं. कामाचा नियम एकच, घरटी एक माणूस. पूर्वी सगळे एकाच काठापासून सुरुवात करत आणि हातोहात दगड देत दुसऱ्या काठाला जाऊन पोचत. त्या वर्षी मात्र अलीकडचे अलीकडून निघाले, पलीकडचे पलीकडून. आणि काय सांगू, असा देखणा बांध मी आयुष्यात पाहिला नाही! दोघांनाही दुसऱ्याला दाखवायचं होतं ना. दगडाला दगड असा बसवलेला की बोट शिरू नये. मामंजी तर रोज संध्याकाळी काठावर उभे राहून आपल्या अर्ध्या बांधाकडे नव्या जावयाकडे बघावं तसे बघत राहायचे.

फक्त मधोमध, जिथे दोन अर्धे भेटले, तिथे वरपासून खालपर्यंत सरळ फट राहिली. कुणीच आपला दगड दुसऱ्याच्या दगडावर ठेवला नाही. ठेवला असता तर तो त्यांचा झाला असता. फटीत दोन्हीकडून चिखल लिंपला आणि दोन्हीकडचे लोक हात धुऊन घरी गेले.

चिखल तो, किती दिवस टिकणार? महिन्याभरात सांधा गळायला लागला. अलीकडचे म्हणायचे, त्यांची कड खचली. पलीकडचे म्हणायचे, ह्यांनी पाया धरलेला नाही. हे आम्हाला कसं कळायचं, तर दोन्हीकडच्या बायका पाणवठ्यावर मोठ्याने आपापसात बोलायच्या. मग अलीकडच्यांनी आपला अर्धा आणखी उंच केला, पलीकडच्यांनी त्याहून उंच केला. फट तशीच. माझा आजही त्या सगळ्यांवर राग आहे. जो तो आपापलं काम झकास करत होता आणि पाणी चाललं होतं खाडीला.

आमचं आगर पाटाच्या अगदी शेवटाला. बांधातलं पाणी कमी झालं की पहिली तहान आमची. पौष लागला तेव्हा आमच्या पाटात नुसता ओलावा होता, आणि पुढे सगळा उन्हाळा पडलेला. मी विहिरीवरून कळशा आणायला लागले. पण जांभ्या दगडातली विहीर, तिचंही पाणी खाली गेलेलं. घराला पुरवायचं की रोपांना? सासूबाई स्वतःच्या आंघोळीचं अर्धं पाणी रोपांना घालायच्या आणि मला सांगायच्या, थंडीत म्हाताऱ्या माणसाने फार आंघोळ करू नये. रोपांची पानं टोकाकडून पिवळी पडत होती. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्याशी भांडायची, की मरायचं नाही, सांगून ठेवते.

एक मेलंच. सासूबाईंच्या जिवाला लागेल म्हणून मी ते गुपचूप उपटलं आणि गोठ्यामागच्या पेंढ्याखाली लपवायला नेलं. पेंढा उचलला तर खाली आधीच एक मेलेलं रोप. सासूबाईंनी लपवलेलं, माझ्यासाठी. मी तिथेच मटकन बसले. मागून त्या लंगडत आल्या, दोन्ही रोपांकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी बसल्या. आम्ही दोघी खूप रडलो. मग त्याच आधी उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की रडून पाटाला पाणी येत असतं तर एव्हाना तुडुंब वाहिला असता. जा, पऱ्यावर जा. दोन्हीकडे तुझीच माणसं आहेत.

बांधावर तेव्हा दोन्हीकडची माणसं आपापल्या अर्ध्यावर आणखी चिखल थापत होती. मी मामंजींपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, घरटी एक माणूस ना, आमच्या घरचं माणूस आलंय. त्यांनी समजावलं की तुमच्या घरचा वाटा आम्ही घातलाय, नवरा परगावी असला की वाडी त्याचं काम करतेच, तू घरी जा.

‘‘मग सांधा कुणी घातला?’’ मी विचारलं.

मामंजींनी पलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या काठावरून बाबांना ऐकू आलं असणार, त्यांनी हातातल्या फावड्याने अलीकडे दाखवलं.

‘‘म्हणजे कुणाचाच नाही. मग तो माझा.’’

लुगडं वर खोचलं आणि उतरले पऱ्यात. पाणी असं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. सांध्यातला सगळा चिखल हातांनी खरवडून काढला. मग पलीकडच्या बांधाचा कडेचा दगड उपसायला लागले, तसा माझा भाऊ ओरडला की आमच्या दगडाला हात लावू नको. मी म्हटलं, मी त्याच काठावर जन्मले, मला कोण अडवतो बघू. अलीकडचा दगड काढला तेव्हा एक चुलत दीर कुरकुरला, त्याला म्हटलं की मी ह्या घरची सून आहे. माहेरवाशिणीला बाबा अडवू शकत नव्हते आणि सुनेला पाण्यातून ओढून काढायला मामंजींचा हात धजत नव्हता. दोन्हीकडची माणसं काठावर नुसती उभी.

लहान दगड मी दोन्हीकडच्या फटीत आळीपाळीने गुंतवले, पण पाणी ते ढकलून द्यायचं. दोन्ही अर्ध्यांवर आडवा बसेल असा एक लांब, जड दगड हवा होता. तसा एकच दगड मला माहीत होता. पलीकडच्या पाणवठ्यावरचा धुण्याचा काळा दगड. आईने माझी बाळोती त्याच्यावर धुतली होती, मी माझी पहिली परकरपोलकी त्याच्यावर आपटली होती. मी पाण्यातूनच म्हटलं, ‘‘बाबा, धुण्याचा दगड द्या.’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी थंडीने लटपटत होते, ते त्यांना दिसत होतं. मग त्यांनी फावडं खाली टाकलं, भावाला खूण केली, आणि दोघांनी तो दगड पहारीने उचकटून पाण्यात लोटत माझ्यापर्यंत आणला. पण तो उचलून बांधावर चढवायचा तर पलीकडून धरून भागत नव्हतं. दुसरं टोक अलीकडून कुणीतरी धरायला हवं होतं. मी मागे वळून मामंजींकडे पाहिलं. काही बोलले नाही, एकदा आयुष्यात. म्हातारा धोतर वर घेऊन पाण्यात उतरला.

मग जे झालं ते आठवलं की मला आजही हसू येतं. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला मामंजी, दोघांच्या मधे मी. एकमेकांचा श्वास लागेल एवढ्या अंतरावर दोघं, पण बोलायचं नाही. बाबा मला म्हणाले, ‘‘त्यांना सांग, डावीकडे घ्या.’’ मी म्हटलं, मामंजी, बाबा म्हणतात डावीकडे घ्या. मामंजी म्हणाले, त्यांना सांग, आधी तुमची बाजू उचला. मी म्हटलं, बाबा, आधी तुमची बाजू उचला. त्यांना सांग, उचललीय. त्यांना सांग, मग धरून ठेवा. निरोप माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या आधी दगड हलायचा, तरी दोघंही माझ्या निरोपाची वाट बघितल्यासारखं करायचे. शेवटी माझे दात वाजायला लागले आणि मला बोलताच येईना, तेव्हा दोघांनी एकदमच दगड उचलला आणि सांध्यावर आडवा बसवला.

एकदा तो बसल्यावर पुढचं काम पळत सुटलं. पलीकडून भाऊ मला दगड देत होता, मी अलीकडच्या दिराला, तो परत मला. थोड्या वेळाने मी मधून कधी बाजूला झाले, मलाच कळलं नाही. मामंजींनी मला काठावर बसवून स्वतःचं घोंगडं माझ्यावर टाकलं होतं आणि दगड पलीकडच्या हातातून अलीकडच्या हातात थेट जात होते. तोंडं मात्र बंदच. हात देत होते, हात घेत होते, आणि अख्ख्या पऱ्यावर दगडांचा आवाज तेवढा. संध्याकाळी आमच्या पाटात पाणी आलं. सासूबाई अंगणातून हाका मारत सुटल्या. मी धावत आगरात गेले, तर त्या एका रोपाच्या मुळाशी पाण्यात हात घालून बसल्या होत्या.

बाकीची रोपं जगली. पुढचा पावसाळा सरता सरता नवरा आला तो सामान ओटीवर टाकून आधी आगरात गेला. सासूबाईंनी आतून सुनावलं की आधी बायकोचं तोंड बघ. त्याने वाडीत सगळी हकिगत ऐकली होती. मला म्हणाला, बोटीवर दोर ओढताना आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, नुसता हुकूम देतो, दोराला हात लावत नाही. तू तर हुकूमही दिलास, दगडही उचललास, आता तुझ्या हाताखाली मी काम कसं करायचं? मी म्हटलं, बोट सोड, मग सांगते. पण पोफळ लावली नि धरली असं होत नाही. त्याला आणखी खेपा कराव्या लागल्या. प्रत्येक वेळी तो बंदरावर निघाला की मी पोफळींची उंची बघून घ्यायची.

बांध मात्र तेव्हापासून दर वर्षी तसाच झाला. दोन्ही वाड्या आपापल्या काठाने यायच्या आणि मध्ये जागा सोडून थांबायच्या. सांधा माझ्या घरचा, हे कुणी न सांगता ठरून गेलं होतं. पावसाळ्यात वाहून गेलेला धुण्याचा दगड पोरं खालच्या डोहातून शोधून आणायची. मी पाण्यात उभी राहायची आणि बाबा नि मामंजी माझ्या तोंडून एकमेकांना डावं-उजवं सांगायचे. काम संपलं की दोघं आपापल्या काठाला. शिमगे आले, गेले. पालखी आता वेळेवर जायची, मामंजी स्वतः घाई करायचे, पण बाबांनी अलीकडचं पान घेतलं नाही आणि मामंजींनी पुन्हा ताट पुढे केलं नाही. माझ्या मुलाचं बारसं झालं तेव्हा बाबा पऱ्याच्या मधल्या दगडापर्यंत आले, बाळाला तिथेच मांडीवर घेतलं आणि परत गेले. मी घरी येऊन खूप रडले. त्यांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती.

मग एका वर्षी पोफळी धरल्या. पहिले घड उतरवले, सुपाऱ्या वाळवल्या, सोलल्या. नवरा शब्दाला जागला. मुंबईहून पेटी घेऊन आला, ती माळ्यावर टाकली आणि म्हणाला, घे, आता हाकल. त्या वर्षी दिवाळीनंतर बांधाला आमच्या घरचं माणूस म्हणून तो उतरला. पण सांध्याच्या वेळी सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा तो हसत बाजूला झाला.

धुण्याचा दगड बसला. माणसं दोन्ही काठांवर टेकली. आधी कुणाला काही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मी घरी गेले, ताटात पानं ठेवली, आमच्या पोफळीच्या सुपाऱ्या ठेवल्या, अडकित्ता ठेवला, आणि बांधावरून चालत मधोमध सांध्यावर जाऊन उभी राहिले. पलीकडे गेले नाही. तिथपर्यंत माझं काम होतं, त्यापुढचं बाबांचं. 

बाबा उठले. आता ते पुष्कळ वाकले होते. भावाने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. हळूहळू बांधावरून आले, ताटातली एक सुपारी उचलून उन्हात धरली.

‘‘ही तीच?’’

‘‘तीच बाबा. जिच्यासाठी तुम्ही दगड दिलात ती.’’

त्यांनी सुपारी मुठीत धरली. ताटात परत ठेवतात की काय, असं मला वाटलं. मग त्यांनी पान उचललं आणि सुपारी माझ्या हातात दिली.

‘‘बारीक कातर, बाय. माझे दात गेले.’’

माझ्या मागे, अलीकडच्या काठावरून मामंजी बांधावर कधी आले होते ते मी पाहिलं नव्हतं. माझ्या खांद्यावरून ते थेट बाबांना म्हणाले, ‘‘माझे तरी कुठे राहिलेत!’’

मी सवयीने तोंड उघडलं होतं, पण बाबांना निरोप द्यावा लागला नाही. मी तिथेच दगडावर बसले आणि दोघांची सुपारी बारीक कातरली.